घाट, घोडी आणि घड्याळ

कल्याण-नगर रस्त्यानं आळेफाटा आणि बेल्हे मागं टाकून पारनेर तालुक्यात शिरलं, की गावाबाहेरच्या माळावर अधूनमधून एखादा चढ दिसतो. मुरूम टाकून दाबलेला, दोन्ही अंगांना बांध घातलेला, खालून वर सरळ गेलेला आणि वर तिथंच संपलेला. परक्या माणसाला वाटतं, निधीअभावी रस्त्याचं काम अडलेलं असावं. गावातलं कुठलंही पोर मात्र चटकन सांगतं, ‘घाट हाय तो आमचा.’

घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीचं मैदान. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, मावळ हे पुणे जिल्ह्यातले तालुके या शर्यतीचं माहेरघर म्हणून गाजले. नगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधला, पारनेरचा पट्टा आणि संगमनेरचं पठार त्यांना अगदी खेटून आहे. मधली हद्द कागदावरची. निघोजजवळ कुकडीच्या पात्रात ते प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. नदीच्या अल्याड निघोज म्हणजे नगर, पल्याड टाकळी हाजी म्हणजे पुणे. सोयरिकी दोन्हीकडं, बाजार दोन्हीकडं आणि बैलाचा नादही दोन्हीकडं. पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाला पौष पौर्णिमेला जी गर्दी लोटते, तिच्यातही हद्दीचा हिशेब कुणी करत नाही.

महाराष्ट्रात बैल पळवण्याच्या रीती प्रांतागणिक वेगळ्या. सातारा-सांगलीकडं सपाट रानात छकडे एकमेकांशेजारी सुटतात. गट, सेमीफायनल, फायनल असा मामला असतो. विदर्भात शंकरपट. आपल्या घाटाची तऱ्हा न्यारी. इथं एका वेळी एकच गाडा पळतो. चार बैल, दोन पुढं, दोन मागं. मागं लाकडाचा हलका गाडा आणि त्यावर गाडीवान नाही. बैलांच्या पुढं एक घोडेस्वार घोडी फेकतो. तिच्या मागं चार बैल चढाला भिडतात आणि अकरा, बारा, फार तर तेरा-चौदा सेकंदांत खेळ आटोपतो. या एका पळण्याला ‘बारी’ म्हणतात आणि पुढं घोडी पळवण्याला ‘बारीपुढं घोडी धरणं’. प्रतिस्पर्धी शेजारी नाहीच. शर्यत आहे ती घड्याळाशी.

बारी जवळून बघायची तर वरच्या टोकाला माणसांच्या गर्दीत उभं राहून उपयोग नाही, खाली जुंपणीला जावं. तिथं खरी झटापट असते. बैलांना कळलेलं असतं काय होणार ते. मान हलवत, फुरफुरत, खूर आपटत ते एका जागी ठरत नाहीत. एकेका बैलाला दोन-दोन, तीन-तीन गडी शिंगांशी, वेसणीशी लोंबकळलेले असतात. पुढची जोडी सरळ उभी राहिली तर मागची तिरकी होते. कुणीतरी ओरडतो, ‘दाब, दाब, डाव्या अंगाला दाब!’ घोडीवाला मान वळवून मागं बघत असतो, कारण लवकर सुटला तर बैल त्याच्या मागं लागत नाहीत आणि उशिरा सुटला तर ते त्याच्या अंगावर येतात. मग एका क्षणी सगळे हात एकदम सुटतात. तोंडात आणि डोळ्यांत माती जाते. ती पुसेपर्यंत वरून माईकवरचा ‘भिर्रर्रर्र... झाली, झाली, झाली!’ असा पुकार ऐकू येतो आणि भंडारा उधळलेला दिसतो. वर्षभर बैल सांभाळायचा तो एवढ्यासाठी.

बारी किती सेकंदांत बसली, यावर गाड्याचा नंबर ठरतो. ठरावीक सेकंदांच्या आतले सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्याच्या वरचे दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. त्यामुळं पहिल्या नंबराचं बक्षीस बऱ्याच गाड्यांत वाटलं जातं. दिवसभरात सगळ्यांत कमी वेळ लावणारा तो ‘घाटाचा राजा’. पूर्वी वेळ हाताच्या घड्याळांवर मोजायचे. निशाण पडलं की बटण दाबायचं, गाडा वरची रेघ ओलांडताच पुन्हा दाबायचं. बोट पाव सेकंद उशिरा पडलं तरी नंबर बदलणार, म्हणून घड्याळ कुणाच्या हाती द्यायचं हा गावकीचा प्रश्न असायचा. भावकीत न बसणारा, उधारी-उसनवारीत न अडकलेला, शक्यतो मास्तर माणूस शोधायचे. आता रेघेवर सेन्सर आले, आकडा पडद्यावर झळकतो आणि भांडणाची अर्धी मजा गेली.

घड्याळावर जनावराची किंमत ठरवण्याचा हा प्रकार आपलाच नाही. अमेरिकेत हलक्या दुचाकी गाडीला घोडा जुंपून दुडक्या चालीनं पळवायची शर्यत एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या जत्रांत रुजली. घोडा चौखूर उधळला तर चालत नाही. त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावं लागतं. १८७९ साली तिथल्या पैदासकारांनी ठरवलं, की एक मैल २ मिनिटं ३० सेकंदांत दुडकत जाईल त्या घोड्याची वंशावळीत नोंद करायची. हे प्रमाण, म्हणजे ‘स्टँडर्ड’, पुरं करणाऱ्यांची जी जात तयार झाली तिचं नाव स्टँडर्डब्रेड. डॅन पॅच नावाच्या घोड्यानं १९०६ मध्ये मिनेसोटाच्या जत्रेत मैलाला १ मिनिट ५५ सेकंद लावले आणि तो देशभर नट-नट्यांसारखा ओळखला जाऊ लागला. न्यूयॉर्कजवळचं रुझवेल्ट रेसवे हे विजेच्या झोतात रात्री शर्यती भरवणारं नावाजलेलं मैदान १९८८ मध्ये बंद झालं. तिथली म्हातारी माणसं अजून त्या दिवसांसाठी हळहळतात. त्यांच्या शर्यतींना घरघर लागली ती लोकांनी पाठ फिरवली म्हणून. जुगाराला दुसरे अड्डे मिळाले, करमणुकीला टीव्ही मिळाला. आपल्याकडं लोक घाटावर जमतच होते. शर्यत थांबली ती कोर्टात. त्यामुळं आपल्या हळहळीला एक रागाची धार आली.

बैलगाड्याच्या भरभराटीचे म्हणून जे दिवस जुनी माणसं सांगतात, त्यांत शर्यत एकटी कधीच येत नाही. चैत्र-वैशाखात रानं मोकळी झालेली. गावच्या यात्रेची पत्रिका यायची: पहाटे अभिषेक, मग मांडवडहाळे, दुपारी गाडे, रात्री पालखी आणि छबिना, नंतर नारायणगावच्या एखाद्या फडाचा तमाशा, दुसऱ्या दिवशी हजेरी आणि कुस्त्यांचा हगामा. मुंबईला गिरणीत किंवा माथाडीत असलेली पोरं त्या दोन दिवसांसाठी रजा टाकून यायची. गाडा जिंकला तर फेटा, नारळ, एखादी ढाल किंवा तांब्या-पितळेचं भांडं मिळायचं. पैशाच्या दृष्टीनं यात काही राम नव्हता. पण अमक्याचा गाडा पहिल्यात आला हे सोयऱ्यांच्या गावी पोचायचं आणि त्या घराच्या पोरीबाळींची लग्नं ठरवताना ते मोजलंही जायचं.

मुख्य म्हणजे त्या काळी पळणारा बैल आणि औताचा बैल एकाच गोठ्यात असायचे, पुष्कळदा एकच असायचे. जो बैल मार्गशीर्षात ज्वारीच्या रानात मोटेवर, गाडीवर दिसायचा, तोच वैशाखात घाटावर. खिल्लारचं काटक अंग आणि पळायची हौस ही शर्यतीसाठी घडवलेली नव्हती; लांबच्या बाजाराला वेळेत पोचायला ती लागायचीच. अकोल्याकडची डांगी जनावरं भातखाचरातल्या चिखलाची आणि धो-धो पावसाची. ती घाटात कुणी आणत नसे. राजूरच्या प्रदर्शनात त्यांचा वेगळा मान. एकूण हा जिल्हाच जनावरांच्या बाजारांचा: काष्टीला बैल, घोडेगावला म्हशी आणि मढीला कानिफनाथांच्या यात्रेत चक्क गाढवं.

या आठवणींत एक गोष्ट मात्र सोयीनं गाळली जाते: पराणी. काठीच्या टोकाला बसवलेली आर बैलाच्या पुठ्ठ्यात खुपसली जायची. शेपूट पिरगाळणं, चावणं, पुढं तर बॅटरीचा झटका देणं, हे घाटावर उभ्या असलेल्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे. बैल म्हणजे आमचं लेकरू, असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्यानं रात्री त्याच बैलाला दुधात अंडी फोडून पाजलेली असतात, उडदाचा भरडा आणि पेंड चारलेली असते, विहिरीत पोहणीला घातलेलं असतं. तरी बारीच्या त्या बारा सेकंदांत त्याच लेकराला टोचायचं काम कुणीतरी करायचा आणि तो डोळेझाक करायचा. गाडा घाट सोडून गर्दीत शिरला की माणसंही जायबंदी व्हायची. बंदी आली तेव्हा ‘बाहेरच्यांनी आमची परंपरा मोडली’ असं म्हणणं सोपं होतं. पण कोर्टापुढं जी छायाचित्रं आणि अहवाल गेले, त्यांना सामान आपणच पुरवलं होतं.

बंदीची कथा बरीच वळणावळणाची आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. त्यामागं रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा राज्यसभेतला पाठपुरावा होता. याच कायद्याखाली केंद्रानं जुलै २०११ मध्ये अधिसूचना काढली आणि वाघ, सिंह, अस्वल, माकडं यांच्या पंक्तीला बैल नेऊन बसवला: यांचे जाहीर खेळ करायचे नाहीत. बैलाला वाघाच्या पंक्तीत बसवलं याचा आमच्याकडं काहींना अभिमानच वाटला असता, पण परिणाम वेगळा झाला. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी उचलून धरली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बंद ठरवल्या. बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, त्याची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, हा त्या निकालातला एक प्रमुख मुद्दा.

नगरसारख्या जिल्ह्यात हा काळ आधीच कठीण होता. २०१२-१३ चा दुष्काळ, चाऱ्याच्या छावण्या, आणि २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी. म्हणजे बैल पळवायचा नाही, थकला तर खाटकाला विकायचा नाही, आणि औताला तर ट्रॅक्टर आलेलाच. काष्टीच्या बाजारात त्या वर्षांत बैल घेऊन गेलेल्या माणसाला विचारावं, परंपरेचा अर्थ काय.

तमिळनाडूत जानेवारी २०१७ मध्ये मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी तरुण जमले आणि तिथल्या सरकारनं कायदा बदलला. महाराष्ट्रानंही त्याच वर्षी आपली दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयानं तिची अंमलबजावणी रोखली. पुढची चार वर्षं मोर्चे, निवेदनं आणि चोरून भरवलेल्या शर्यतींत गेली. बैलगाडा हा शिरूर मतदारसंघात निवडणुकीचा मुद्दा झाला तो याच काळात. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली. त्यानंतर दोन महिन्यांत खासदार अमोल कोल्हे यांनी निमगाव दावडीच्या घाटात बारीपुढं घोडी धरली. निवडणुकीत दिलेला तो शब्द होता. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि प्रश्न मिटला.

अटी कडक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत, पशुवैद्यकाचा दाखला, धावेचं चित्रीकरण. काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका यांतलं काही चालणार नाही. धाव हजार मीटरांच्या वर नको. घाटवाल्यांना या अटीची चिंता कधीच नव्हती. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. बंदीच्या काळात सरकारला आणि कोर्टाला शिव्या घालणारे माझ्या ओळखीचे एक गाडामालक आता बिनकाठीच्या बारीचं कौतुक सांगतात. ‘आता कळतं कुणाचा बैल खरा पळतोय,’ असं त्यांचं म्हणणं. नियम सगळीकडं पाळले जातात असा दावा मी करणार नाही, पण माणसाच्या बोलण्यात एवढा फरक पडला हेही कमी नाही.

शर्यत परत आली, तशी तिची ऐपतही वाढून आली. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत भरलेल्या शर्यतीत बक्षिसांमध्ये जेसीबी होता, बोलेरो होती, ट्रॅक्टर होते. फेटा-नारळाच्या दिवसांतला माणूस हे ऐकून आधी हसतो, मग विचारात पडतो. नावाजलेल्या बैलांचे फ्लेक्स लागतात, मोबाईलवर बाऱ्या बघून सौदे होतात, लाखांच्या बोली लागतात. अशा बैलाच्या मानेवर औताचं जू चढत नाही. त्याला गोठ्यात पंखा असतो आणि तो टेम्पोतून फिरतो. औताचा बैल आणि घाटाचा बैल यांची जी फारकत झाली, ती बंदीनं केली नाही आणि बंदी उठल्यानं मिटलीही नाही. देशात २०१२ च्या पशुगणनेत गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते, २०१९ मध्ये ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. त्याच सात वर्षांत गायी मात्र १८ टक्क्यांनी वाढल्या.

नगर जिल्ह्यात हे आकडे डोळ्यांनी दिसतात. प्रवरेच्या काठी पाटपाणी आलं, ऊस आला, १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढं दुधाचा धंदा वाढला. संगमनेर, राहाता, राहुरीकडच्या गोठ्यांत आज संकरित गायी आहेत. त्या गायीला गोऱ्हा झाला तर घरात कुणाला आनंद होत नाही. त्याला ना औत, ना गाडी, ना गिऱ्हाईक. कालवडीच व्हाव्यात म्हणून लिंगनिश्चित रेतमात्रा मिळतात, त्यांना सरकारी अनुदानही आहे. तिथून दोन तासांच्या अंतरावर, पारनेरच्या एखाद्या माळावर खिल्लार गाय व्यायली की मालक पहिल्यांदा शेपूट उचलून बघतो, आणि गोऱ्हा निघाला तर त्याच दिवशी चार गाडामालकांचे फोन येतात.