मधला करडा आणि सावळा चेहरा

लग्नाच्या अल्बममध्ये एक छायाचित्र हमखास असते. पांढऱ्याशुभ्र कुडत्यातले वडील, शेजारी मोतिया रंगाच्या शालूतली नवरी, मागे चुना दिलेली भिंत. कुडत्याची चुणी न् चुणी दिसते; चेहरे मात्र काळवंडलेले. बघणारा म्हणतो, 'फोटो काळा आला.' पण बोलण्यात दोष फोटोला दिला तरी मनात तो चेहऱ्याला चिकटतो. जिथे मुलीचा फोटो स्थळाबरोबर पाठवला जातो आणि 'जरा उजळ करून द्या' असे स्टुडिओत सहज सांगितले जाते, तिथे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. म्हणूनच हौशी छायाचित्रकाराने कॅमेऱ्याची सेटिंग्ज शिकायला सुरुवात करायची तर ती याच फोटोपासून करावी.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक, म्हणजे मीटर, वस्तूवर किती प्रकाश पडला हे मोजत नाही. वस्तूवरून परतून आलेला प्रकाश मोजतो. समोर काय आहे हे त्याला मुळात ठाऊक नसते. म्हणून तो एक गृहीत धरून चालतो: जगाची सरासरी काढली तर ती मध्यम करडी येते. छायाचित्रणाच्या पुस्तकांत हा करडा १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारा मानतात. पांढरी भिंत दाखवली तर मीटर तिला करडी करायला बघतो, म्हणजे प्रकाश कमी घेतो. काळी म्हैस चौकटभर दाखवली तर तिलाही करडी करायला बघतो, म्हणजे प्रकाश जास्त घेतो. अल्बममधल्या फोटोत नेमके हेच झाले. पांढऱ्या कुडत्याने आणि भिंतीने मीटरला फसवले, आणि किंमत चेहऱ्यांनी मोजली. आजचे कॅमेरे चौकटीचे अनेक तुकडे करून मोजतात, चेहराही ओळखतात. तरी ते अंदाजच करतात, आणि अंदाज चुकू शकतो.

यावर हाती असलेली साधने तीन. भिंगाचे छिद्र, पडदा उघडा राहण्याचा वेळ आणि आयएसओ म्हणजे संवेदनशीलता. तिन्ही एकाच मापाने बोलतात. त्याला 'स्टॉप' म्हणतात. एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाशाचा परिणाम दुप्पट करणे, एक कमी करणे म्हणजे निम्मा करणे. १/१२५ सेकंदाचा १/६० केला, आयएसओ २०० चा ४०० केला किंवा एफ ५.६ चे छिद्र एफ ४ केले, तरी वाढ सारखीच, एक स्टॉप. फरक किमतीत आहे. वेळ वाढवला तर हललेला हात फोटोत दिसतो, छिद्र मोठे केले तर मागची माणसे धूसर होतात, आयएसओ वाढवला तर कणकण दिसू लागतात. कोणती किंमत द्यायची हे ठरवणे म्हणजेच सेटिंग शिकणे. बाकी सारे बटणांचे पाठांतर.

मीटरच्या गृहीतावर एक जुना आणि फुकटचा उपाय आहे. माणसांच्या चेहऱ्याच्या रंगात जेवढा फरक असतो तेवढा तळहातात नसतो. तळहात साधारणपणे मधल्या करड्यापेक्षा एक स्टॉप उजळ असतो. ज्या प्रकाशात माणूस उभा आहे त्याच प्रकाशात आपला तळहात धरावा, कॅमेऱ्यात तो चौकटभर घेऊन मोजणी करावी आणि आलेल्या उत्तरापेक्षा एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा. आता कुडता पांढरा असो की काळा, मोजणी बदलत नाही. कारण आपण कुडता मोजलाच नाही. गोरा चेहरा गोरा येतो, सावळा सावळा येतो, आणि दोन्हींतले बारकावे टिकतात. 'उजळ करणे' आणि 'नीट दाखवणे' यांतला फरक इथे आहे. मुद्दाम जास्त प्रकाश देऊन गोरा केलेला चेहराही सपाटच होतो. त्यावरच्या रेषा, तीळ, घामाची चमक सारे धुऊन जाते.

हा प्रश्न आजचा नाही. मुंबईत १८५४ साली 'फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली, लंडनमधल्या तशाच सोसायटीनंतर अवघ्या एका वर्षाने. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी आणि स्वतः कसलेले छायाचित्रकार. जॉन्सन आणि हेंडरसन यांनी १८५६ पासून काढलेल्या चित्रमालिकेच्या नावातच 'इंडियन अमॅच्युअर' हे शब्द होते. म्हणजे हौशी छायाचित्रणाची आपल्याकडची परंपरा छायाचित्रणाइतकीच जुनी.

त्या काळच्या कलोडियन काचांचा एक दोष होता. त्या निळ्या आणि जांभळ्या प्रकाशालाच दाद देत. लाल-तांबूस प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नसे. म्हणून जुन्या फोटोंतले आकाश कोरे पांढरे दिसते आणि कुंकू काळे. तपकिरी त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशात निळ्याचा वाटा कमी असतो, तांबूस जास्त. साहजिकच सावळी माणसे त्या काचेवर प्रत्यक्षापेक्षा अधिक काळी उमटत. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंडांत इथल्या जातीजमातींची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. ती पाहताना हे ध्यानात ठेवायला हवे: चेहऱ्यांवरच्या काळोखाचा काही भाग रसायनाचा आहे. फोगल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये काचेवरच्या थरात रंगद्रव्य मिसळून तिची नजर रुंदावण्याची वाट दाखवली. सर्व रंग पाहणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडले.

रंगीत फिल्म आली तेव्हा दोष गेला असे वाटले, पण तो दुसऱ्या दाराने परतला. रंग बरोबर छापले गेले की नाही हे ताडण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना-चित्र देत असे. त्यावर एक गोरी स्त्री असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणू लागले. शर्ली नीट दिसली की छपाई नीट. कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये या कार्डांचा इतिहास मांडला. त्यातला एक तपशील विलक्षण आहे: गडद तपकिरी छटा सुधारण्यासाठी कंपनीवर दबाव आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारींमुळे. माणसांना फायदा झाला तो लाकडाच्या मागोमाग.

मोजणी बरोबर आली तरी एक अडचण उरते. भर उन्हात पांढरा कुडता आणि सावळा चेहरा यांतले अंतर इतके असते की एकाला न्याय दिला की दुसऱ्यावर अन्याय होतो. इथे सेटिंग संपते आणि प्रकाशयोजना सुरू होते. साधा नियम: प्रकाशाचा उगम जितका मोठा आणि जवळ, तितकी सावली मऊ. १९५६ च्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले होते. छायालेखक सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि खालून त्यावर दिवे सोडले. कापडावरून परतून आलेला प्रकाश अगदी उघड्या अंगणात झिरपणाऱ्या उजेडासारखा दिसला.

सावळ्या त्वचेला हा मऊ प्रकाश अधिकच मानवतो. अशा त्वचेचा आकार बराचसा तिच्यावरच्या चकाकीतून कळतो. लहानशा फ्लॅशने कपाळावर आणि नाकावर पांढरे ठिपके पडतात. रुंद खिडकीने गालाच्या हाडावरून एक सलग चमक वाहते आणि चेहऱ्याला गोलाई येते. घरात हे करायला खर्च नाही. माणसाला खिडकीच्या बाजूला बसवावे, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा पुठ्ठा धरावा, आणि तळहातावर मोजणी करावी.

पणतीचा प्रकाश मात्र वेगळा वागतो. ज्योत लहान, म्हणून अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. तीन पणत्या चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर असतील तर एफ २, १/६० सेकंद आणि आयएसओ ३२०० इथून सुरुवात करता येते. दोन फुटांवर नेल्या तर हात १/१५ सेकंद स्थिर ठेवावा लागेल. मोजणीत ज्योत येऊ देऊ नये, नाहीतर मीटर तिच्या तेजाला भुलून चेहरा विझवून टाकेल. रंगाचे सेटिंग स्वयंचलितही ठेवू नये, कारण कॅमेरा तो पिवळा ऊबदारपणा दोष समजून पुसायला बघतो. 'दिवसाचा प्रकाश' हे सेटिंग ठेवले की ज्योत पिवळी राहते आणि तिच्या उजेडातला सावळा गाल तांब्यासारखा तापलेला दिसतो. पूर्वीची काच नेमका हाच तांबूस प्रकाश पाहू शकत नव्हती.