पाये फार, छपरे थोडी

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमधली सुमारे साडेचार लाख घरे बॉम्बहल्ल्यांत जमीनदोस्त झाली होती किंवा राहण्याजोगी उरली नव्हती. युद्धकाळात नवे बांधकाम जवळजवळ ठप्पच होते, आणि आता आघाडीवरून परतलेल्या सैनिकांना संसार थाटायचे होते. जुलै १९४५ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने हे काम आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्याकडे दिले. बेव्हन यांचा आग्रह असा की, नगरपालिकांनी भाड्याने द्यायचे तीन शयनकक्षांचे घर किमान ९०० चौरस फुटांचे हवे, युद्धापूर्वी ते साधारण ७५० चौरस फुटांचे असे. विरोधी बाकांवरच्या हुजूर पक्षाने घरबांधणीच्या कूर्मगतीवर टीकेची झोड उठवली, आणि बेव्हन यांच्या हट्टापायी देश ताटकळला, हे मत रूढ होत गेले.

आकडे मात्र वेगळेच सांगतात. १९४६ साली जेमतेम ५५ हजार पक्की घरे पुरी झाली, १९४८ साली सव्वादोन लाखांहून अधिक. या दोन वर्षांत मोजमाप तेच होते. तरी वेग चौपट झाला. म्हणजे अडचण खोल्यांच्या आकारात नव्हती. ती होती कामांच्या आखणीत. घाई दिसावी म्हणून सुरुवातीला नगरपालिकांना धडाधड मंजुऱ्या दिल्या गेल्या. गवंडी, विटा, लाकूड यांचा पुरवठा मात्र त्या मानाने तुटपुंजा. जागोजागी पाये खणले गेले, भिंती कमरेएवढ्या चढल्या आणि सामानाची वाट पाहत राहिल्या. वेगाच्या हव्यासानेच वेग मारला. त्यात १९४७चा कडाक्याचा हिवाळा आणि कोळशाची टंचाई आली. त्याच वर्षी डॉलरची गंगाजळी आटली आणि परदेशी लाकडाच्या आयातीला कात्री लागली. नवी कामे रोखून हातातली पुरी करण्याचे धोरण स्वीकारल्यावर पुढल्या वर्षी घरे भराभर हाती आली.

यावर हुजूर पक्षाचे समर्थक त्या पक्षाच्या पुढच्या सरकारातले गृहनिर्माणमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांचे नाव घेतील. १९५०च्या पक्ष अधिवेशनात वर्षाला तीन लाख घरांचे वचन दिले गेले आणि मॅकमिलन यांनी १९५३ साली ते पाळून दाखवले. कर्तबगारी खरीच. पण त्यांनी घराचा आकार घटवला तो दहा टक्क्यांहून थोडा अधिक, आणि बांधकाम वाढले दीडपट. निव्वळ आकाराच्या काटछाटीने हे गणित जुळत नाही. लाकूड-पोलादाच्या वाटपात घरबांधणीला मिळालेला अग्रक्रम आणि खासगी बिल्डरांवरचे सैल झालेले निर्बंध यांचा वाटा मोठा होता. शिवाय काटछाटीची सुरुवात १९५१ मध्ये मजूर सरकारच्याच ह्यू डाल्टन यांनी केली होती, हे दोन्ही पक्ष सोयीने विसरतात. दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, पार्कर मॉरिस समितीला पुन्हा मोठ्या घरांची शिफारस करावी लागली.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. उत्तम घरासाठी थांबा, हे ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्यानेच म्हणावे. १९४६च्या उन्हाळ्यात हजारो कुटुंबे लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत घुसली. सप्टेंबरात लंडनच्या केन्सिंग्टन भागातल्या आलिशान इमारतीही बेघरांनी ताब्यात घेतल्या. त्यांचा संताप रास्त होता. पण त्यावरचा उपाय पक्की घरे आखूड करणे हा नव्हता. कारखान्यात तयार होणाऱ्या तात्पुरत्या घरांची योजना १९४४ पासून हाताशी होती. त्या घरांत न्हाणीघर, अगदी फ्रिजसुद्धा असे, आणि तिथे राहणाऱ्यांना ती आवडतही. चर्चिल यांनी पाच लाखांची भाषा केली होती. खर्च फुगत गेला तशी योजना दीड लाखांवर थांबली. घाई करायला हवी होती ती इथे, आणि इथेच हात आखडला गेला. जेमतेम दशकभरासाठी म्हणून उभारलेल्या त्या घरांपैकी काहींत पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ माणसे राहिली.