गाडी कुरकुरते तेव्हा

मोटारीतून येणारा कुरकुरीचा किंवा चिरका आवाज बहुतेक वेळा घर्षणाचा असतो. एकमेकांवर दाबलेले दोन पृष्ठभाग जागचे हलवायला जितका जोर लागतो, त्याहून कमी जोर ते सरकत ठेवायला पुरतो. त्यामुळे भाग आधी अडकतो, ताण साठतो, मग तो एकदम निसटतो आणि पुन्हा अडकतो. हे चक्र संथ असेल तर कुरकुर ऐकू येते. सेकंदाला हजारो वेळा घडले तर कानात घुसणारा चीत्कार निघतो. राळ लावलेला गज सारंगीच्या तारेवर फिरतो तेव्हा हेच घडते आणि वंगण सुकलेल्या बैलगाडीच्या आसातही हेच घडते. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या आवाजाला सर्वाधिक संवेदनशील असतो. म्हणून लहानशा भागाचा चीत्कारही इंजिनाच्या घरघरीतून वेगळा ऐकू येतो.

परभणी जिल्ह्यात या आवाजांना पोषक परिस्थिती वर्षभर असते. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचे रस्ते त्यामुळे उंचसखल होतात आणि चाकांना आधार देणाऱ्या सांध्यांना सतत हिसके बसतात. पावसाळ्यात शेतरस्त्यांवरचा चिखल गाडीच्या पोटाला चिकटून वाळतो, उन्हाळ्यात धूळ प्रत्येक फटीत शिरते. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला की रबर लवकर कडक होते आणि प्लास्टिकचे भाग प्रसरण पावून एकमेकांवर घासतात.

निदानाचा पहिला प्रश्न आवाज कुठून येतो हा नसून तो कधी येतो हा आहे.

थंड इंजिन सुरू करताना किंवा एसी लावताच चीत्कार येत असेल, तर संशय फॅन बेल्टवर जातो. गाडी उभी असताना, हात आणि सैल कपडे दूर ठेवून, फिरत्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी फवारून पाहता येते. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुली सरळ रेषेत नसण्याची शक्यता जास्त. आवाज वाढला, तर पट्टा सैल आहे किंवा तो ताणून धरणारा टेन्शनर थकला आहे. पट्ट्यावर तेल किंवा वंगण टाकणे हा उपाय नव्हे. त्याने पट्टा आणखी घसरतो आणि रबर खराब होते.

ब्रेक दाबल्यावरच आवाज येत असेल, तर आधी वेळ पाहावी. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी दोन-चार वेळा ब्रेक दाबला की तो निघून जातो आणि आवाजही थांबतो. आवाज कायम राहिला, तर पॅड तपासावेत. अनेक पॅडना पोलादी पट्टी बसवलेली असते. घर्षणाचा थर झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ही पट्टी डिस्कला घासून चीत्कारते. ती मुद्दाम ठेवलेली सूचना असते. पॅड पुरेसे जाड असतील, तर धूळ साफ करून कॅलिपरच्या सरकत्या पिनांना उष्णता सोसणारे ग्रीस लावतात. डिस्कला किंवा पॅडच्या घर्षणाच्या बाजूला ग्रीसचा थेंबही लागू नये. ब्रेक न दाबताही चाकाबरोबर खरखर येत असेल, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो.

गतिरोधकावर किंवा खड्ड्यात कुरकुर झाली, तर लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि शॉकअब्सॉर्बरची वरची बैठक पाहावी लागते. गाडी उभी करून एकेका कोपऱ्यावर जोराने दाबले, तर आवाजाची बाजू कळते. वाळलेला चिखल पाण्याने धुऊन काढल्यावरच पुढची तपासणी करावी, कारण कधीकधी दोष तेवढाच असतो. रबरी बुशवर इंजिन ऑइल सोडण्याची सवय घातक आहे: आवाज काही दिवस थांबतो, पण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगून मऊ पडते. तात्पुरत्या तपासणीपुरते सिलिकॉनचे वंगण चालते; तडकलेला बुश मात्र बदलावाच लागतो.

वेगाबरोबर वाढणारी घुमघुम आणि वळणावर बदलणारा तिचा सूर चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो. डॅशबोर्ड, दाराचे रबर किंवा सीटचा आवाज शोधायला दुसऱ्या माणसाने चालत्या गाडीत एकेक भाग तळहाताने दाबून पाहावा. आवाज जिथे थांबेल तिथे सैल स्क्रू किंवा क्लिप सापडते. दोन भागांमध्ये फेल्टची पट्टी चिकटवली की काम भागते.

दुरुस्तीचा क्रम धोक्यावरून ठरतो. ब्रेक, बॉल जॉइंट आणि चाकाचे बेअरिंग यांची दुरुस्ती लांबवून चालत नाही. बेल्ट लांबच्या प्रवासाआधी बदलावा. डॅशबोर्डची कुरकुर सवडीने काढावी.