मुक्त म्हणजे फुकट नव्हे

व्यापाऱ्याच्या मुलाला पहिला धडा गल्ल्याजवळ मिळतो. ग्राहक आला की आधी त्याचे ऐकावे, मग माल दाखवावा. हाच धडा आता एका निराळ्या ठिकाणी उपयोगी पडत आहे. संगणक क्षेत्रातील परिषदांमध्ये ‘ओपन सोर्स’ म्हणजे मुक्तस्रोत प्रकल्पांचे स्टॉल मांडले जातात. तेथे उभे राहणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात आणि विक्री जवळपास नसतेच.

मुक्तस्रोत प्रणालीची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असते. ती वाचता येते, बदलता येते आणि इतरांना देता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा करून या चळवळीचा पाया घातला. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दामुळे गोंधळ होतो. मराठीत मात्र ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे शब्द वेगळे आहेत.

व्यापाऱ्याला हा फरक कळायला हवा. हिशेब ज्या प्रणालीत ठेवले ती बंद पडली किंवा तिचे शुल्क परवडेनासे झाले, तर वर्षानुवर्षांच्या खातेवह्या अडकून पडतात. तिजोरी आपली आणि किल्ली दुसऱ्याची, अशी ती स्थिती. मुंबईचे ऋषभ मेहता यांना कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायासाठी योग्य प्रणाली मिळेना. त्यातून २००८ च्या सुमारास आजच्या ‘ईआरपीनेक्स्ट’ची सुरुवात झाली. खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारी ही प्रणाली मुक्तस्रोत असून आज अनेक देशांत वापरली जाते.

पुण्यात सिंबायोसिसच्या संगणक संस्थेतील विद्यार्थ्यांनी ‘ग्नूनिफाय’ हा मेळावा अनेक वर्षे भरवला. ब्रुसेल्सची ‘फॉसडेम’ परिषदही स्वयंसेवकांच्याच बळावर चालते आणि तिला प्रवेशशुल्क नसते.

वाणगावच्या तरुणाला मुंबई दूर नाही. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते. परंतु स्टॉलवर प्रथमच उभे राहताना मनात धास्ती असते. आज्ञावली लिहिता येत नाही, मग आपण काय सांगणार? प्रत्यक्षात विचारणा साधी असते. बिघाड झाल्यास दाद कोणाकडे मागायची? जुना हिशेब आणता येईल का? फुकट दिले तर पोट कशावर भरते? याचे उत्तर सरळ द्यावे. प्रणालीला मूल्य नसले तरी ती बसवणे, शिकवणे आणि सांभाळणे यांस खर्च येतो. अनेकांची उपजीविका त्या सेवेवर चालते. जे ठाऊक नाही ते जाणकाराला विचारून सांगावे. ज्याच्या दुकानाला ही प्रणाली सोयीची नाही, त्याला तसे स्पष्ट सांगावे. पेढीवरची पत अशीच जमते.

आज्ञावली न लिहिणाऱ्यासही येथे काम आहे. मराठी भाषांतर, चुका शोधून कळवणे, मार्गदर्शिका लिहिणे ही कामे नेहमीच अपुरी असतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीतूनही धडे विनामूल्य मिळतात. तयारी तेथून सुरू करता येईल.

तारापूरच्या कारखान्याचा साठा असो वा वाणगावच्या मिरचीची आवक, नोंद कोणत्या प्रणालीत होणार हे पुढची पिढी ठरवील. मुलाने एखादा रविवार अशा स्टॉलवर घालवायचे ठरवले, तर ‘मिळणार काय?’ असे विचारण्याआधी घरच्यांनी एवढे पाहावे, की किल्ली कोणाकडे असावी हे तो तेथे शिकून येणार आहे.