संगणकातील रकाने आणि आपली नावे

बँकेत नोंद एकदा झाली की तिची प्रत आपोआप दुसऱ्या संगणकावरही जाते. याला रेप्लिकेशन म्हणतात. दोन्हीकडे एकच डेटाबेस असेल तर फारसा प्रश्न येत नाही. एकीकडे पोस्टग्रेस आणि दुसरीकडे ओरॅकल असले, म्हणजे मात्र प्रत्येक रकान्याचा प्रकार (डेटा टाइप) विचार करून ठरवावा लागतो. संगणक शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी या गोष्टीकडे लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते.

खाते क्रमांक दिसायला आकडा असतो, पण त्याची बेरीज कोणी करीत नाही. तो संख्येच्या रकान्यात घातला तर ००५१२ चे ५१२ होते. म्हणून तो अक्षरांच्या रकान्यातच ठेवावा. रकमेसाठी मात्र दशांश स्थळे ठरवून दिलेला डेसिमल प्रकार हवा. फ्लोटमध्ये ०.१ सुद्धा तंतोतंत बसत नाही, आणि पैशापैशाचा फरक साठत जातो. तारखेचेही तसेच. ओरॅकलच्या डेट प्रकारात वेळ असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये ती नसते. तिथे टाइमस्टँप घ्यावा.

खरी अडचण नावांची आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, यशोधरा अशी नावे मोठ्या अभिमानाने ठेवली गेली. ती संगणकात कशी मोजली जातात पाहा. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीला ३. काना, वेलांटी, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. म्हणजे ‘सिद्धार्थ’ची चिन्हे ९ आणि बाइट २७. पोस्टग्रेसमधील २० लांबीचा रकाना २० चिन्हे घेतो, तिथे हे नाव सहज बसते. ओरॅकलमधील तेवढाच रकाना, वेगळे सांगितले नसेल तर, २० बाइट मोजतो. तो हे नाव नाकारतो आणि प्रत तिथेच अडते. काही डेटाबेसमध्ये नियम सैल ठेवले तर न बसणारे नाव मुकाट्याने कापले जाते. आमच्या मते हे अधिक वाईट, कारण कोणाला कळतच नाही. पुढे दाखल्यावरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही, आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडकू शकते.

तेव्हा रकान्याची लांबी चिन्हांत सांगावी, आणि काम सुरू करण्यापूर्वी शून्याने सुरू होणारा एक क्रमांक, एक पैशांसह रक्कम व यादीतील सर्वांत लांब देवनागरी नाव पाठवून दोन्हीकडची नोंद शेजारी ठेवून वाचावी.