आजीला पत्र, व्हाया लंडन

आजीला आता व्हिडिओ कॉल झेपत नाही. कान गेलेत, त्यात सावंतवाडीजवळच्या आमच्या वाडीतलं नेटवर्क! मी इथून ओरडते, 'आजी, जेवलंस काय?' ती तिकडून विचारते, 'थंय थंडी आसा मां गो?' दोन मिनिटांनी आई फोन हातात घेते आणि 'ठेवू का?' म्हणते. मास्टर्ससाठी लंडनला येऊन पाच महिने झाले, पण आमच्या दोघींत धड बोलणं म्हणून झालेलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी असाइनमेंट टाळायला मी 'पोस्टल म्युझियम'मध्ये घुसले. फॅरिंग्डन स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं. खरं सांगायचं तर आकर्षण पोस्टाचं नव्हतं, तिथल्या छोट्या ट्रेनचं होतं. लंडनच्या पोटात साडेदहा किलोमीटरचा बोगदा आहे आणि त्यातून १९२७ ते २००३ फक्त पत्रांची ट्रेन धावायची. ड्रायव्हर नाही, पॅसेंजर नाहीत, नुसत्या टपालाच्या थैल्या. आता त्याच रुळांवर आपल्याला पाय दुमडून बसवतात आणि पंधरा मिनिटं फिरवून आणतात. उंच माणसांचे हाल होतात, माझ्यासारख्या पाच फुटी मंडळींची मजा! पहिल्या महायुद्धात, ट्रेन सुरू व्हायच्या आधी, बॉम्बच्या भीतीने ब्रिटिश म्युझियममधला रोझेटा स्टोन याच बोगद्यातल्या एका स्टेशनात लपवला होता, हे कळल्यावर काळोखाकडे जरा आदराने बघितलं.

वर म्युझियममध्ये मात्र मी अडकले ती एका काळ्या चिटुकल्या तिकिटापाशी. पेनी ब्लॅक. मे १८४०, जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट. त्यावर राणी व्हिक्टोरिया आहे, देशाचं नाव नाही. पहिलेच आम्ही, नाव कशाला घालू, असा थाट. ब्रिटनच्या तिकिटांवर आजही देशाचं नाव नसतं.

पण खरी गंमत त्याआधीची. तेव्हा पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने द्यायचे, आणि तेही अंतर आणि कागद मोजून. पाकीट घातलं तर तोही एक कागद धरायचे. मग लोकांनी जुगाड काढला. एक पान भरलं की तेच आडवं धरून आधीच्या ओळींवरून पुन्हा लिहायचं. काहीजण तर पत्राच्या बाहेरच खुणा करून ठेवायचे. घेणाऱ्याने खूण बघायची, 'खुशाल आहे' एवढं समजून घ्यायचं आणि पत्र पोस्टमनला परत करायचं. पैसे शून्य. हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. अरे, हा तर मिस्ड कॉल! बाबा कॉलेजात असताना हॉस्टेलवर पोचले की घरी एक रिंग द्यायचे, तस्संच. मग रोलंड हिल नावाच्या गृहस्थाने हिशेब मांडला, की खर्च अंतराचा कमी आणि मोजणी-वसुलीच्या भानगडीचाच जास्त आहे. तेव्हा पैसे आधी घ्या आणि देशात कुठेही एकच दर ठेवा. अर्ध्या औंसाला एक पेनी.

आणि मला आजी आठवली. आजोबा परळच्या गिरणीत होते. दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि फॉर्मच्या तळाला निरोपाची बोटभर जागा असायची. आजी चौथी शिकलेली. त्या दोन ओळी ती महिनाभर वाचायची. म्हणजे तिला ऐकू येत नाही, पण वाचता येतंच की! हे मला पाच महिन्यांत सुचलं नव्हतं.

शॉपमधून कार्ड घेतलं, कॅफेत बसले आणि गाडी अडली. हाताने मराठी लिहून तीन वर्षं झाली होती. चार ओळींत सहा खाडाखोडी. वर पत्त्यात पिनकोडच आठवेना, शेवटी गूगल केला. ४१६ने सुरू होतो. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र-गोव्याचा विभाग, तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, उरलेले तीन आपल्या पोस्ट ऑफिसचे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी! लंडनच्या कॅफेत बसून हे कळावं, याची थोडी लाजच वाटली.

कार्डावर काय लिहिलं ते सांगणार नाही. कार्ड पाकिटात घातलं, कारण आमच्या वाडीत उघडं कार्ड आजीच्या आधी निम्मा गाव वाचतो. बाहेरच्या लाल पेटीत ते पडल्याचा आवाज आला आणि उगाचच धडधडलं. 'डिलीट फॉर एव्हरीवन' नाही ना इथे.

एकोणीस दिवसांनी आईचा फोन. पत्र पोचलं. आजीने ते उशीखाली ठेवलंय, 'अक्षर कोंबडीच्या पायासारखा' असा शेरा मारलाय आणि उत्तरही लिहिलंय. म्हटलं, पटकन फोटो टाक ना! तर आजीने सक्त मनाई केलीय म्हणे. पत्र आहे, पत्रासारखं जाऊ दे.

पोस्टात टाकून बारा दिवस झालेत. रोज सकाळी दारातून बिलं आणि पिझ्झाची पत्रकं पडतात, आणि मी ब्रश तोंडात धरून धावत खाली जाते.