जीपचा हँडब्रेक : पिन लहान, काम मोठे



गेल्या हंगामात आमची जुनी जीप फडाच्या उतारावर उभी होती, हँडब्रेक ओढलेला. तरी ती सरकली अन् पाटाच्या कडेला जाऊन टेकली. चार पावलांवर तोडणीवाल्यांची पोरं भाकरी खात बसली होती. खाली वाकून बघतो तर पिन झिजून अर्धी झालेली!

अमेरिकेत १९५३ साली निघालेली सीजे-३बी, म्हणजे उंच बॉनेटची जीप, महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षे बांधली. तिचा हँडब्रेक चाकांत नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर छोटा ड्रम असतो, त्याला हा ब्रेक धरतो. त्यामुळे मागचे एकच चाक जॅकवर उचलले, की ब्रेक असून नसल्यासारखा. उचललेले चाक उलटे फिरते आणि गाडी निघते. म्हणून कामाआधी गाडी सपाटीवर घ्या आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गाडीखाली शिरायचे आहे, आळस नको.

डॅशमधल्या दांड्यापासून केबल खाली येते आणि पिनेने ड्रमजवळच्या लिव्हरला जोडलेली असते. स्प्लिट पिन काढून पिन बाहेर घ्या. पिनेवर खाच पडलेली किंवा लिव्हरचे भोक लांबट झालेले दिसले, तर नुसती पिन बदलून भागत नाही. भोक भरून नव्याने पाडून घ्या, नाहीतर लिव्हरच बदला. केबलची एखादी तार तुटली असेल किंवा ती नळीत अडकत असेल, तर अख्खी केबल नवी टाका. पिनेच्या जागी खिळा वाकवून घालणारे पुष्कळ आहेत. मीही घातला होता, तोच नडला. स्प्लिट पिन दरवेळी नवीच घाला. परतीची स्प्रिंगही बघा. ती ढिली असेल तर लायनर घासत राहतात आणि ड्रम तापतो.

खरी चूक पुढे होते. ब्रेक लागेना की आपण केबलच ताणत बसतो. आधी केबल ढिली करा. ड्रमच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हरने दातेरी चकत्या फिरवून लायनर ड्रमला टेकवा, मग ड्रम मोकळा फिरेल इतपत मागे घ्या. केबल त्यानंतर. लायनर तेलाने भिजले असतील, तर आधी ट्रान्सफर केसचे मागचे ऑइल सील बदला, नाहीतर नवे लायनरही आठवड्यात भिजतील.

चालत्या गाडीत हा ब्रेक ओढू नका, झटका शाफ्टला बसतो. आणि उतारावर उभी करताना ब्रेक ओढलात तरी गिअर टाका, चाकाला दगड लावा.